मेंदी आधी भिजवा, नीळ मात्र ऐनवेळी

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की केसांना लावायची मेंदी रात्रभर भिजवायची काही गरज नसते, तीन-चार तासात काम होतं. असं काहून? तर मेंदीच्या पानात लॉसोन नावाचा रंग मोकळा नसतोच, तो साखरेच्या रेणूला बांधलेला असतो. पाणी आणि जरा आंबट काही, म्हणजे लिंबू किंवा आपल्या संत्र्याचा रस, मिळाला की साखर सुटते आणि लॉसोन बाहेर येतो, आणि गरमीत हे भराभर होतं, डिसेंबरच्या थंडीत रात्र लागते. तयार झाली का बघायला थोडी तळहातावर लावा, पाच मिनिटांनी केशरी डाग दिसला म्हणजे झाली. दोन-दोन दिवस भिजवणं मला तरी पटत नाही, मोकळा झालेला रंग हळूहळू खराब होतो आणि मग फिका चढतो.

हा लॉसोन केसातल्या केराटिन प्रोटीनला चिकटून बसतो, म्हणून शाम्पूने जात नाही. पण तो आहे नारिंगी. काळ्या केसांवर नुसती तांबूस झाक येते, पांढऱ्या केसात मेलॅनिनच (केसाला काळं करणारं रंगद्रव्य) नाही तर तिथे भगवं दिसणारच.

काळं हवं असेल तर मेंदी धुऊन त्यावर नीळ लावायची (कपड्यांची नाही हो, इंडिगोच्या पानांची पावडर). हिचं गणित बरोब्बर उलटं. हिच्या पानात इंडिकान असतं, पाणी लागलं की एन्झाइम ते फोडतं, त्यातून इंडॉक्सिल निघतं आणि हवेतल्या ऑक्सिजनने त्याचा निळा इंडिगो बनतो. हा बदल केसात शिरल्यावर व्हायला पाहिजे, वाटीतच झाला तर रंग वायाच गेला. म्हणून कोमट पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटात लावायची, लिंबू अजिबात नको. धुतल्यावर केस हिरवट वाटले तर घाबरू नका, एक-दोन दिवसात गडद होतात.

आजी लोखंडी कढईत आवळा आणि चहाचं पाणी घालून मेंदी भिजवायच्या त्यातही केमिस्ट्रीच आहे, आवळा-चहातलं तुरट टॅनिन आणि कढईतलं लोह मिळून काळपट संयुग बनतं, जुनी शाई अशीच तर व्हायची.

आता कंडिशनिंग. केसाच्या वरच्या थराचे खवले कौलांसारखे एकावर एक असतात, साबणाच्या अल्कलीने ते उचलले जातात आणि केस राठ लागतात. शिकेकाई किंचित आंबट, त्यामुळे खवले बसलेले राहतात. शिवाय बोअरवेलच्या जड पाण्यात साबणाचा चिकट थर केसावर बसतो, शिकेकाईतल्या फेस आणणाऱ्या सॅपोनिनचा बसत नाही. जास्वंदीची पानं नाहीतर भिजवलेली मेथी वाटली की जो बुळबुळीत चिकटा येतो ना, त्याची पातळ फिल्म केसावर राहते आणि कंगवा सरसर फिरतो. मेंदीतल्या टॅनिनने केस कोरडे पडतात त्यावर हे चांगलं.

बाजारात "काळी मेंदी" म्हणून जी पाकिटं मिळतात ती मात्र उलटून वाचा. अर्ध्या तासात एकदम काळं करणारी असेल तर बहुतेक पीपीडी असतं, म्हणजे पॅराफेनिलीनडायअमाइन हे केस रंगवायचं रसायन, ज्याची काहींना जबर अ‍ॅलर्जी येते, कानामागे थोडी लावून ४८ तास थांबून बघा. आणि जी-सिक्स-पीडी (लाल रक्तपेशींना जपणारं एन्झाइम) जन्मतः कमी असलेल्या बाळांना साधी मेंदीसुद्धा लावायची नाही, लॉसोनने त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटू शकतात.