‘म्यूझिक फॉर एअरपोर्ट्स’ची रेकॉर्ड परत आणण्याआधी

“भाऊ, पिन अटकली, तेच तेच वाजून राह्यलं.”

ही तक्रार आमच्याकडे पुन्हा पुन्हा येते, आणि जवळजवळ दर वेळी रेकॉर्ड एकच असते: ब्रिटिश संगीतकार ब्रायन इनो यांची ‘अँबियंट १: म्यूझिक फॉर एअरपोर्ट्स’. आम्ही ती दुकानातल्या प्लेअरवर लावतो आणि ती वाजायला हवी तशीच वाजते. पण तोवर घरी व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं असतं. कुणी आर्म बोटाने पुढे सरकवलेला असतो, कुणी काट्रिजच्या, म्हणजे सुई बसवलेल्या भागाच्या, डोक्यावर रुपयाचं नाणं ठेवलेलं असतं.

नाण्याबद्दल आधी बोलतो, कारण दुरुस्तीचा आमचा सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो. आजच्या बहुतेक काट्रिजना दीड ते दोन ग्रॅम भार पुरतो. रुपयाचं नाणं तीन ग्रॅमच्या वर भरतं. म्हणजे सुईवर एकदम दुपटीहून जास्त वजन पडतं, तिची दांडी बसते आणि खाचांच्या भिंती घासल्या जातात. वडिलांच्या काळातल्या रेडिओग्रामवर हा उपाय चालून जायचा, तिथली सुई मुळातच जड चालायची. आता तो करू नका. नाण्याने पिन कधी कधी पुढे जाते हे खरं, पण रेकॉर्ड कायमची जाते.

पिन खरंच अडकली आहे का, हे घड्याळाने कळतं. एलपी मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात. पिन अडकली की ती त्याच खाचेत फिरते, त्यामुळे तोच आवाज दर १.८ सेकंदांनी येतो. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि दहा वेळा मोजा. अठरा सेकंद भरले तर पिन अडकली आहे. आर्म लिव्हरने उचला, रेकॉर्ड पुसा, तरी तसंच झालं तर आमच्याकडे आणा. तोच सूर पंधरा-वीस सेकंदांनी किंवा त्याहूनही उशिरा परत येत असेल, तर ते संगीत आहे. हात लावू नका.

हे संगीत असं का, तेही सांगतो. पहिल्या बाजूचा दुसरा तुकडा गायलेल्या लांब सुरांचा आहे. प्रत्येक सूर टेपच्या वेगळ्या वेटोळ्यावर, म्हणजे टोकं जोडून गोल फिरत ठेवलेल्या टेपवर आहे. एक सुमारे साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा पावणेसव्वीसच्या जरा पुढे, तिसरा तिसाला जेमतेम कमी. जर्मनीत ध्वनिमुद्रक कॉनी प्लांक यांच्या स्टुडिओत टेपचं असं एक वेटोळं इतकं लांब होतं, की ते खुर्च्यांच्या पायांभोवतून फिरवावं लागलं. सात मात्रांचा रूपक आणि सोळा मात्रांचा तीनताल एकाच लयीत एकदम सुरू केले, तर ११२ मात्रांनी दोन्ही समेवर भेटतात. इथे मापं मुद्दाम अशी आडवी घेतली आहेत की सम जवळजवळ येतच नाही. सूर तेच, त्यांची भेट दर वेळी नवी. तंबोऱ्याच्या त्याच चार तारा तासभर वाजतात तेव्हा तो अडकला असं आपण म्हणत नाही. कान तेवढा सैल सोडला की ही रेकॉर्डही उलगडते, असा माझा अनुभव आहे.

पहिला तुकडा पियानोचा. वादक एकमेकांना नीट ऐकू येत नसताना वाजवत होते, आणि नंतर टेप ऐकताना इनोंना एक छोटी जागा सापडली, जिथे दोन पियानो नकळत एकमेकांत गुंतले होते. त्यांनी ती जागा कापून तिचं वेटोळं केलं आणि अर्ध्या वेगाने वाजवलं. म्हणून तो पियानो इतका मऊ आणि संथ आहे. आणि म्हणूनच वेगाचं बटण ४५ वर राहिलं तरी अनेकांच्या लक्षात येत नाही. ना शब्द, ना ठेका. चूक कळणार कशी? लावण्याआधी बटण बघून घ्या.

लेबलवर गाण्यांची नावं छापायची राहिलेली नाहीत. आकडे हीच नावं: ‘२/१’ म्हणजे पहिल्या बाजूचा दुसरा तुकडा, एवढंच.

दुसरी तक्रार आवाज बारीक असल्याची. एका बाजूला वीस मिनिटांहून जास्त संगीत बसवायचं तर खाचा दाट काढाव्या लागतात आणि आवाज थोडा खाली ठेवावा लागतो. शिवाय हे संगीत बारीक आवाजातच ऐकायचं आहे. १९७५ च्या जानेवारीत इनोंना लंडनमध्ये टॅक्सीने धडक दिली. ते अंथरुणाला खिळलेले असताना जुडी नायलन ही मैत्रीण हार्प या तारांच्या वाद्याची रेकॉर्ड देऊन गेली. त्यांनी ती कशीबशी लावली, तर आवाज फार कमी आणि एक स्पीकर बंद. उठून नीट करायचं त्राण नव्हतं. बाहेर पाऊस होता, आणि त्या पावसात मिसळलेली हार्प ऐकता ऐकता त्यांना ऐकण्याची ही नवी तऱ्हा सापडली. पुढे जर्मनीतल्या कोलोन-बॉन विमानतळावरचं संगीत खटकलं, आणि १९७८ मध्ये ही रेकॉर्ड तयार झाली. लक्ष दिलं तर गुंतवणारं, नाही दिलं तर आड न येणारं संगीत, ही त्यांची कल्पना. १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाच्या मरीन टर्मिनलवर ते प्रत्यक्ष वाजलंही.

मे महिन्यात नागपूरच्या घरी कूलरसमोर मात्र ही रेकॉर्ड टिकत नाही. पंख्याच्या घरघरीत ती बुडते, मग आपण आवाज वाढवतो, आणि धुळीची करकर पुढे येते. पहाटे किंवा रात्री कूलर बंद असताना लावा. पावसाळ्यात खिडकी उघडी ठेवून ऐका.

‘तेच तेच वाजतं’ म्हणून आम्ही ही रेकॉर्ड बदलून देत नाही. काहींना हे कडक वाटतं. पण विकण्याआधी आम्ही प्रत्येक प्रत दोन्ही बाजू वाजवून बघतो, आणि तुम्हालाही दहा मिनिटं बसून ऐकायला सांगतो. घाई असेल तर त्या दिवशी घेऊ नका. आमच्याकडून घेतलेल्या प्लेअरच्या सुईचा भार पहिल्यांदा आम्ही मोफत लावून देतो. रेकॉर्ड मशिनवर धुण्याचे पैसे पडतात, पण या रेकॉर्डसाठी ते द्यावेत असं मी मनापासून सांगेन. इतक्या शांत संगीतात प्रत्येक कण ऐकू येतो.

जी मंडळी ही रेकॉर्ड पचवतात, ती पुढच्या मागायला येतातच. संतूर आवडणाऱ्यांनी याच मालिकेतली तिसरी, १९८० ची ‘डे ऑफ रेडियन्स’ ऐकावी. ती लाराजी यांची. न्यूयॉर्कच्या बागेत झिदर हे तारांचं वाद्य वाजवताना ते इनोंना भेटले होते. प्रत मागवावी लागते, आधी सांगून ठेवा.

दुकानात येताना रेकॉर्ड उभी धरून आणा आणि दुपारी गाडीच्या डिकीत ठेवू नका. पिन अडकल्याची तक्रार असेल तर दहा वेळा मोजलेले सेकंद कागदावर लिहून आणा, आणि काट्रिजवर नाणं ठेवलं असेल तर तेही सांगा. रागावणार नाही, दुरुस्ती लवकर होईल.