मोबाइलची रेंज उपग्रहावरून येत नाही

‘ढग आडवे आले, सॅटेलाइट दिसेना, म्हणून रेंज गेली’ असं बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात हमखास ऐकू येतं. हे खरं नाही.

आपला रोजचा मोबाइल बोलतो तो काही किलोमीटरवरच्या टॉवरशी. तिथून पुढे बोलणं फायबर केबलने किंवा टॉवरवरच्या गोल मायक्रोवेव्ह अँटेनाने जातं. दुबईचा कॉलसुद्धा बहुधा समुद्राखालच्या केबलमधूनच येतो. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या शिनोळीत फोन कधी कर्नाटक, तर कधी महाराष्ट्र-गोवा सर्कल (मोबाइल सेवेचा विभाग) पकडतो, तोही दोन्हीकडच्या टॉवरमुळेच.

मग पावसात रेंज का जाते? लाइट जाते, टॉवरच्या बॅटऱ्या उतरतात आणि डिझेल वेळेवर पोहोचत नाही. कुठे झाड पडून केबल तुटते. म्हणूनच हा समज मला घातक वाटतो: ढगांना दोष दिला की कंपनीकडे तक्रार करायची राहूनच जाते. तक्रार कराच, आणि गावात तेव्हा वीज होती की नव्हती तेही सांगा.

ढगांची गोष्ट आली ती छपरावरच्या डिशवरून. डीटीएचचा उपग्रह खरोखरच सुमारे 36,000 किलोमीटरवर असतो. आपल्याकडे डिश आग्नेयेला तोंड करून असते, आणि मुसळधार पावसाचे थेंब उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी शोषून घेतात. चित्र अडकतं ते त्यामुळे.

जीपीएसही उपग्रहांवरच चालतं, पण फोन त्यांचे संदेश फक्त ऐकतो, उलट काही पाठवत नाही. नकाशा आधी डाउनलोड केला असेल, तर चोर्ला घाटात रेंज नसतानाही तुमचं ठिकाण दिसतं.