फरफ्युरल

मक्याची बुरकुंडे, उसाची चिपाडे, ओटची टरफले अशा शेतीतील टाकाऊ मालापासून मिळणारे तेलकट द्रव रसायन. लॅटिन ‘फुर्फुर’ म्हणजे कोंडा, त्यावरून हे नाव पडले. गंमत अशी की मराठीप्रमाणे लॅटिनमध्येही धान्याच्या आणि डोक्यातल्या कोंड्याला एकच शब्द आहे. ताजे फरफ्युरल रंगहीन असते, त्याला कडू बदामासारखा वास येतो. हवा लागली की ते पिवळे, मग तपकिरी आणि शेवटी काळे पडते.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ योहान व्होल्फगांग डोबेरायनर यांना फॉर्मिक अम्ल बनवताना ते योगायोगाने थोडेसे मिळाले. त्यांनी ही माहिती १८३२ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे १८४० मध्ये स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ जॉन स्टेनहाउस यांनी कोंडा, लाकडाचा भुसा असे पदार्थ सल्फ्युरिक अम्लाबरोबर ऊर्ध्वपातित करून (तापवून, निघालेली वाफ थंड करून) तेच मिळवले. धंदा मात्र १९२२ मध्ये उभा राहिला. अमेरिकेत सीडर रॅपिड्स येथील क्वेकर ओट्स कंपनीला टरफलांच्या ढिगांचे काहीतरी करायचेच होते.

काडीकचऱ्यातील हेमिसेल्युलोजचे (वनस्पतींच्या पेशीभित्तिकांतील शर्करांच्या साखळ्यांचे) अम्ल व वाफेमुळे झायलोज या शर्करेत विघटन होते. झायलोजच्या रेणूतून पाण्याचे तीन रेणू गेले की फरफ्युरल उरते. हिशेबाने १५० ग्रॅम झायलोजपासून ९६ ग्रॅम मिळायला हवे. जुन्या धाटणीच्या कारखान्यांत जेमतेम निम्मे हाती येते. कारण तापलेल्या अम्लात रेंगाळलेले फरफ्युरल आपसांत व शर्करेशी जुळून काळी राळ बनते. म्हणून वाफ सतत सोडून ते तयार होताच बाहेर ओढून न्यावे लागते. ही वाफ थंड केली की दोन थर पडतात. फरफ्युरल जड, ते तळाशी बसते. उरलेला चोथा बहुधा त्याच कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळतो.

नवीकरणीय कच्च्या मालापासूनच्या बहुतेक रसायनांना खनिज तेलापासूनच्या स्वस्त जुळ्या भावाशी झुंजावे लागते. फरफ्युरलला तसा भाऊच नाही, म्हणून ते टिकले. त्याच्यापासून केलेल्या रसायनांचे तसे नव्हते: ड्यूपाँट कंपनी नायलॉनचा एक घटक फरफ्युरलपासून करत असे, पण त्याऐवजी खनिज तेलापासूनचे ब्युटाडाइन हे रसायन स्वस्त पडू लागताच १९६०च्या सुमारास तो मार्ग बंद झाला. आज बराचसा माल फरफ्युरिल अल्कोहोल करण्यात जातो. त्याची राळ ओतकामाच्या साच्यांतील वाळू घट्ट बांधून धरते. वंगणतेलाच्या शुद्धीकरणात फरफ्युरल विद्रावक (विरघळवणारा द्रव) म्हणूनही लागते.