‘ह्या तुमका कशाक व्हया?’ : ऑनलाइन पाहणीच्या प्रतिसादामागचा इतिहास

मे सरता सरता आंब्याची शेवटची पेटी मुंबईला रवाना होते आणि मग बागायतदाराच्या फोनवरून एक लिंक निघते. आंबा कसा होता, किती खराब निघाले, पुढच्या वर्षी घ्याल का? २०२०च्या टाळेबंदीत देवगड-रत्नागिरीकडच्या अनेकांनी पेट्या थेट सोसायट्यांच्या दारात पोचवल्या. तेव्हापासून गिऱ्हाइकाचं नाव आणि नंबर बागायतदाराच्या हातात आला आणि त्याला काही विचारायची सोयही झाली. मालवण-वेंगुर्ल्यात न्याहारी-निवास चालवणारेही आता पाहुणे परत गेले की असाच फॉर्म पाठवतात. तक्रार सगळ्यांची एकच, की कोणी भरतच नाही. सल्लेही ठरलेले मिळतात: बक्षीस ठेवा, फॉर्म छोटा करा, सारखी आठवण करा. त्यातलं काही खरंच उपयोगी आहे. ते का उपयोगी पडतं हे कळायला मात्र लिंक येण्याआधी लोकांना प्रश्न कसे विचारले जायचे, तिथपर्यंत मागे जावं लागतं.

सरकारी खानेसुमारीचा भाग थोडक्यात उरकतो. १७ फेब्रुवारी १८८१च्या रात्री देशभर एकाच वेळी माणसं मोजली गेली, पण तिथे उत्तर देणं हा मर्जीचा मामला नव्हता. मर्जीने उत्तर मिळवण्याची परंपरा वेगळी आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी १९१७च्या सुमारास पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावात घरोघरी जाऊन जमीन, कर्ज आणि जमाखर्च विचारून घेतला. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या देखरेखीखाली तिथे पाहण्यांची शिस्त बसली. तिकडे कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था काढली. १९३७पासून बंगालच्या तागाच्या शेतांवर त्यांनी नमुना पाहणीचं, म्हणजे थोडे निवडून त्यांवरून सगळ्यांचा अंदाज बांधण्याचं, तंत्र घासूनपुसून घेतलं आणि १९५०मध्ये त्यातूनच राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. या सगळ्यांची गणितं वेगवेगळी होती, पण एक गोष्ट समान होती. प्रश्न घेऊन कोणीतरी जिवंत माणूस दारात यायचा.

आणि कोकणात दारात आलेल्या माणसाची पाहणी आधी घर करतं. तो खळ्यात उभा राहिला की त्याला ओटीवर बसवतात, तांब्या आणि गुळाचा खडा पुढे येतो, मग विचारणा सुरू होते. “खंयसून इलास? कोणाचो तू?” गाव कळलं, आडनाव कळलं, ओळखीपाळखीतलं एखादं नाव निघालं की पुढचा प्रश्न येतो: “ह्या सगळा तुमका कशाक व्हया?” वहीवाल्याने याचं सरळ उत्तर दिलं, तर कलमं किती, कर्ज किती, मुंबईहून मनीऑर्डर किती येते, सगळं सांगितलं जायचं. तो चाचपडला तर “घरात कोण नाय” एवढ्यावर भागायचं. आज ज्याला प्रतिसादाचं प्रमाण म्हणतात, ते ‘कोणाचो’ आणि ‘कशाक’ या दोन प्रश्नांवर ठरत होतं. लिंकच्या बाबतीतही तेच ठरतं, असं माझं अनुभवाअंती झालेलं मत आहे.

दारात माणूस न पाठवता उत्तर मागवायचा पहिला मोठा मार्ग टपालाचा. त्यातला सगळ्यात गाजलेला फज्जा अमेरिकेतला, १९३६ सालचा. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या. तेवीस लाखांहून जास्त भरून परत आल्या. त्यांच्या जोरावर रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असं छापलं गेलं आणि प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८पैकी ४६ राज्यं घेतली. जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी त्या मानाने अगदी लहान नमुना काळजीपूर्वक निवडून निकाल बरोबर सांगितला होता. पत्ते टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतले, म्हणून गरीब माणूस सुटला, हे कारण सगळीकडे सांगतात. ते खरं आहे, पण अर्धंच. पुढच्या अभ्यासकांना दिसलं की ज्यांना मतपत्रिका मिळाली होती त्यांच्यातही रूझवेल्टविरोधक ती परत पाठवायला जास्त उत्सुक होते. म्हणजे उत्तर न देणारे लोक उत्तर देणाऱ्यांसारखे नव्हते. पेटीत सडका आंबा निघालेला गिऱ्हाईक फॉर्म भरतो आणि ज्याच्या घरी आंबा गोड लागला तो खाऊन झोपतो, तशीच ही गोष्ट.

आपल्याकडे टपालाने उत्तर मागवायला जोडकार्ड होतं. एका भागावर मजकूर लिहायचा आणि दुसरा कोरा भाग उत्तरासाठी, टपालखर्च आधीच भरलेला. समोरच्याला फक्त चार ओळी खरडून डब्यात टाकायचं काम. आणि कोकणातल्या वाडीत ते कामही पुष्कळदा पोस्टमनच करायचा. मनीऑर्डर द्यायला आला की पत्र वाचून दाखवायचा आणि उत्तरही तिथेच लिहून घ्यायचा. उत्तर देणाऱ्याचे कष्ट आधी आपण उचलायचे, ही गोष्ट त्या कार्डाच्या रचनेतच होती.

या व्यवहारी शहाणपणाला शास्त्राची बैठक १९७८ साली डॉन डिलमन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने दिली. त्यांचं म्हणणं असं, की उत्तर देणं ही देवघेव आहे. समोरच्याला त्यात काही मिळायला हवं, त्याचे कष्ट कमी व्हायला हवेत आणि विचारणाऱ्यावर त्याचा विश्वास बसायला हवा. म्हणून पत्र नावानिशी लिहा, खाली खरी सही करा, परतीच्या पाकिटावर तिकीट लावून द्या, ठरावीक दिवसांनी नम्रपणे आठवण करा. २००२ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात टपाली प्रश्नावल्यांच्या २९२ चाचण्यांचा आढावा आला. त्यात यातल्या बहुतेक गोष्टी टिकल्या: आधी कळवणं, नाव घालून लिहिणं, छोटी प्रश्नावली, पुन्हा आठवण करणं. पैशाबाबतचा निष्कर्ष मला सगळ्यात मोलाचा वाटतो. फॉर्म भराल तर देऊ, या वायद्यापेक्षा आधीच हातावर ठेवलेली छोटी रक्कम जास्त काम करते, हे असंख्य प्रयोगांतून दिसलं आहे. ओटीवर गुळाचा खडा आधी येतो, बोलणं मागून. फरक इतकाच, की तिथे तो घरचे देतात आणि इथे विचारणाऱ्याने द्यायचा असतो.

माझ्या ओळखीचा एक बागायतदार गेले दोन हंगाम पेटीतच कोकमांची लहानशी पुडी आणि हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवतो: “आंबा पिकला की मी चार प्रश्न विचारणार आहे.” लिंक आठ दिवसांनी जाते. बक्षिसाच्या सोडतीपेक्षा त्याला याचा जास्त गुण आला.

टेलिफोनचा जमाना कोकणाने जवळपास ओलांडूनच टाकला. अमेरिकेत घराघरांत फोन होता, म्हणून तिथे फोनवरच्या पाहण्या फोफावल्या आणि तिथेच त्या आटल्याही. प्यू संशोधन संस्थेच्या फोन पाहण्यांना १९९७ साली ३६ टक्के प्रतिसाद होता. २०१२मध्ये तो ९ टक्क्यांवर आला आणि २०१८मध्ये ६ टक्क्यांवर. जाहिरातीचे फोन इतके वाढले की खऱ्या पाहणीचा फोनही त्यांच्याबरोबर कापला जाऊ लागला. आपल्याकडे गावात एसटीडी बूथ होते तोवर असल्या पाहणीचा प्रश्नच नव्हता. थेट मोबाइल आला आणि मागोमाग नको असलेले कॉल आले. २००७ साली असे कॉल थांबवण्यासाठी राष्ट्रीय नोंदवही सुरू करावी लागली. म्हणजे पाहण्यांचा फायदा मिळायच्या आधीच आपल्या लोकांना अनोळखी फोनांचा वीट आला.

इंटरनेट सर्वसामान्यांसाठी १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुलं झालं, पण वाडीवाडीत ते पोचलं २०१६च्या सप्टेंबरनंतर, स्वस्त डेटा आल्यावर. तोवर फॉर्म बनवणं फुकट झालं होतं. मला वाटतं, खरी गोम इथे आहे. पूर्वी प्रत्येक प्रश्नाला विचारणाऱ्याच्या खिशातून पैसे जायचे, कागदाचे, तिकिटाचे, एसटीच्या भाड्याचे, म्हणून तो मोजून विचारायचा. आता चाळीस प्रश्न विचारायला चारइतकाच खर्च येतो आणि कष्टांचा सगळा भार उत्तर देणाऱ्याच्या अंगठ्यावर पडतो. २००८ साली तुलनात्मक अभ्यासांचा एक आढावा निघाला. वेबवरच्या पाहण्यांना टपाल, फोन वगैरे मार्गांपेक्षा शंभरामागे सरासरी ११ जणांचा प्रतिसाद कमी मिळतो, असं त्यात दिसलं. फॉर्मला किती वेळ लागेल म्हणून सांगितलं, त्यावर लोक तो उघडायचा की नाही हे ठरवतात, हेही प्रयोगांनी दाखवलं आहे. आता त्यात फसवणुकीची भीती मिसळली आहे. अनोळखी लिंक दाबू नका, असं बँक रोज बजावते. आपली लिंक त्याच फोनवर, त्या सूचनेच्या शेजारी जाऊन पडते. अशा वेळी न उघडणारा माणूस शहाणाच म्हणायला हवा.

दोन वर्षांपूर्वी एका कंपनीसाठी मी न्याहारी-निवास चालवणाऱ्यांची पाहणी करत होतो. फॉर्म त्यांच्याकडून तयार आला होता. प्रतिसाद येईना, म्हणून तारकर्लीच्या वाटेवर एका काकींकडे गेलो आणि त्यांना माझ्यासमोरच तो उघडायला सांगितला. पडवीत रेंज नव्हती. त्या अंगण ओलांडून माडाखाली गेल्या, तिथे दोन दांड्या दिसल्या. पहिल्याच पानावर होतं, “आपल्या समाधानाची पातळी दर्शवा”, खाली दहा ओळी आणि पाच रकाने. फोनच्या पडद्यावर तीनच रकाने मावत होते. उरलेले दोन बाजूला सरकवल्याशिवाय दिसत नव्हते आणि सरकवले की ओळीचं नाव गायब व्हायचं. काकींनी तीनदा बोट फिरवलं, मग माझ्याकडे बघून विचारलं, “ह्यात बरा म्हंजे खंयचा?” इतक्यात रेंज गेली आणि पान पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. त्यांनी फोन पदराला पुसला, माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “तूच विचार तोंडान, मी सांगतंय.” मग अर्धा तास त्या बोलत होत्या. पाहुणे पाणी किती वापरतात, ऑनलाइन बुकिंगचं कमिशन किती कापलं जातं, पावसात चार महिने खोल्या रिकाम्या असताना कर्जाचा हप्ता कसा भरतात. यातल्या एकाही गोष्टीला फॉर्ममध्ये जागा नव्हती.

त्या दिवशी मला फार अपराधी वाटलं. लोक उत्तर देत नाहीत, असा अहवाल मी आदल्याच आठवड्यात लिहिला होता.

नंतर आम्ही फॉर्म मोडून पुन्हा केला. रकान्यांचा तक्ता काढला, एका पडद्यावर एकच प्रश्न ठेवला आणि भाषा बोलण्यातली घेतली. पहिला निरोप कंपनीच्या नंबरवरून न जाता बचत गटाच्या सचिव बाईंच्या आवाजात, मालवणीतून गेला: मी अमकी, हे अमक्या कामासाठी, तुमचं नाव कुठे जाणार नाही, पाच मिनिटं लागतील. कोणाचो आणि कशाक, दोन्हींचं उत्तर त्या निरोपातच होतं. माहिती कशासाठी घेतली जाते हे स्पष्ट सांगावं आणि ती सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांपैकी कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचायची सोय ठेवावी, अशी तरतूद २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आहे. ओटीवरचा जुना रिवाज आता कायद्यात आला, याचा मला आनंद आहे.

वेळेचंही तसंच. मंगळवारी सकाळी अकराला पाठवा, असले शहरी आडाखे इथे फारसे लागू पडत नाहीत. बागायतदाराला मार्च ते मे मान वर करायला फुरसत नसते. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा जाळी विणत बसलेला माणूस निवांत बोलतो. गणपतीत चाकरमानी घरी असतात. तेव्हा घरात फॉर्म भरून देणारी नात सापडते, पण चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात काही मागू नये. न्याहारी-निवासवाल्यांना दिवाळी आणि नाताळ सोडून गाठावं. वादळानंतर तर महिनाभर थांबावं. २०२० साली निसर्ग आणि २०२१मध्ये तौक्ते येऊन गेल्यावर वीज आणि टॉवर दोन्ही आडवे झाले होते, आणि घरावरचे पत्रे उडालेल्या माणसाला समाधानाची पातळी विचारणं बरंही दिसत नाही.

एवढं करून टक्का वाढला, तरी त्याचा अर्थ नीट लावावा लागतो. पाठवलेल्या शंभरातले नेमके किती छेदात धरायचे, यावर अमेरिकेतल्या जनमत संशोधकांच्या संघटनेला १९९८ साली स्वतंत्र व्याख्या ठरवाव्या लागल्या. आपल्याकडे हा प्रश्न व्हॉट्सॲपवर रोज दिसतो. एकच टिक पडून राहिलेला नंबर बंद आहे, की माणूस रेंजबाहेर आहे? तो नुसता गाळून टाकला की टक्का फुगतो. आणि २००६ साली पाहण्यांचे अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट ग्रोव्ह्ज यांनी अनेक पाहण्या तपासून दाखवलं, की नुसता टक्का जास्त असणं हा निष्कर्ष बरोबर असल्याचा पुरावा नव्हे. न बोलणारे बोलणाऱ्यांपेक्षा किती वेगळे आहेत, यावर चूक ठरते. लिटररी डायजेस्टचीच गोष्ट, सत्तर वर्षांनी आकड्यांत मांडलेली.

म्हणून आम्ही उत्तर न आलेल्यांची यादी काढली आणि त्यातली घरं जवळून बघितली. बहुतेक खाडीपलीकडच्या वाडीतली होती. एक-दोन खोल्यांचे धंदे, बाईमाणूस एकटं चालवणारी. वही घेऊन होडीने पलीकडे गेलो. पहिल्या घराला कुलूप होतं, मालक मुंबईत मुलाकडे. दुसऱ्या घरी म्हातारीने कोकमाचं सरबत पुढे केलं आणि माझं गाव विचारलं. आडनाव सांगितल्यावर तिने माझ्या आजोळच्या एका माणसाची चौकशी केली, तो जाऊन दहा वर्षं झाली होती. ते ऐकून ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “लिही.”