माटोळीचं पपनस आणि बदललेलं फुप्फुस

चवथ सरली की माटोळीचं, म्हणजे गोव्यात गणपतीच्या डोक्यावर बांधलेल्या फळांच्या मांडणीचं, पपनस खाली उतरतं आणि घरातली पोरं ते सोलून खातात. फुप्फुस बदललेल्या मुलाला मात्र त्यातली एक फोडही द्यायची नाही. शरीराने नवं फुप्फुस नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस हे त्याचं रोजचं औषध. आतड्यातलं आणि यकृतातलं एक एन्झाइम या औषधाला मोडून काढतं. पपनस त्या एन्झाइमलाच अडवतं, मग औषध रक्तात साठतं आणि मूत्रपिंडांना इजा होते. संत्र्या-मोसंबीची अशी अडचण नाही.

मुलांमध्ये हे प्रत्यारोपण दुर्मीळच. तान्ह्या बाळांत जन्मतःच सर्फॅक्टंटचा (फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या मिटू न देणाऱ्या पदार्थाचा) दोष, थोड्या मोठ्यांत फुप्फुसातला वाढलेला रक्तदाब, त्याहून मोठ्यांत सिस्टिक फायब्रोसिस (घट्ट कफाने फुप्फुस खराब करणारा आनुवंशिक आजार) ही नेहमीची कारणं. सिस्टिक फायब्रोसिसवर 2019मध्ये नवं संयुक्त औषध आल्यापासून, जिथे ते मिळतं तिथे, ही गरज बरीच घटली.

शस्त्रक्रियेत छाती आडवी उघडतात आणि प्रत्येक बाजूला तीन जोड शिवतात: श्वासनलिकेची शाखा, फुप्फुसाची धमनी, आणि शिरांसह हृदयाच्या डाव्या कर्णिकेची पट्टी. जे शिवत नाहीत तेही तितकंच महत्त्वाचं. मज्जातंतू तुटलेलेच राहतात, त्यामुळे जोडाच्या खाली कफ साठला तरी मुलाला खोकला येत नाही. म्हणून त्याला ठरवून खोकायला शिकवावं लागतं. श्वासनलिकेला रक्त पुरवणारी बारीक धमनीही बहुधा जोडत नाहीत, म्हणून तो जोड हळू भरतो आणि कधी आकसतो. मोठ्या माणसाचं फुप्फुस लहान छातीत मावत नाही, तेव्हा ते कापून एखादा खंडच बसवतात.

अवयवदानाचा 1994चा कायदा सुरुवातीला लागू झालेल्या मोजक्या राज्यांत गोवा होता. तरी फुप्फुसासाठी इथल्या कुटुंबांची वाट मुंबई, चेन्नई किंवा हैदराबादकडे जाते, आणि थंड केलेलं फुप्फुस साधारण 6 ते 8 तासच टिकतं. त्यामुळे यादीत नाव असलेल्या मुलाला त्या शहरातच मुक्काम करायला सांगतात.

पहिलं वर्ष पार पडलं तरी खरी लढाई पुढेच असते. प्रत्यारोपणानंतर निम्मी मुलं साधारण साडेपाच-सहा वर्षांपलीकडे जगतात. मूत्रपिंड प्रत्यारोपणाचे आकडे याहून कितीतरी चांगले. फुप्फुस दर श्वासाला बाहेरची हवा, धूळ, जंतू आत घेतं, आणि शरीराची पहारेकरी यंत्रणा तिथे सतत जागी राहते. वर्षानुवर्षं बारीक श्वासनलिकांत व्रण साचत जातात आणि त्या बुजतात. पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याहून 20 टक्क्यांनी किंवा जास्त घटून तशीच राहिली, आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर नळ्या बुजल्याचं हे निदान होतं. अॅझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाने काहींची घसरण थांबते. बुजलेली नळी मात्र परत उघडत नाही.

टॅक्रोलिमसची पातळी मोजताना सर्वांत जास्त गफलत होते ती वेळेची. रक्त सकाळच्या मात्रेआधी, म्हणजे रात्रीच्या मात्रेनंतर 12 तासांनी द्यायचं. लॅबला निघताना आईने गोळी दिली तर आकडा खोटा चढलेला येतो, डॉक्टर मात्रा कमी करतात आणि शरीर फुप्फुस नाकारू लागतं. गोळी खिशात न्यावी, रक्त दिल्यावर घ्यावी. जुलाबात पातळी चढते. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक ती चढवतं, तर क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन ती पार खाली पाडतं. आपल्याकडे दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना ही यादी सोबत हवीच.

पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते, ओला पातेरा (पालापाचोळा) कुजतो आणि त्यातून अॅस्परजिलस ही बुरशी हवेत उडते. पातेऱ्याचा ढीग उपसणं, शेणखत हाताळणं मुलाकडे नको. बावीचं (विहिरीचं) पाणी उकळूनच द्यावं. गोवर, कांजिण्या यांच्या जिवंत लसी प्रत्यारोपणाआधीच, किमान 4 आठवडे अगोदर, उरकून घ्यायच्या. नंतर सहसा देत नाहीत.

सर्वांत अवघड वय मात्र तेरा ते अठरा. पोरगं बरं दिसतं, स्टिरॉइडने गाल फुगलेले आवडत नाहीत, आणि गोळ्या गुपचूप गटारात जातात. ओरडून उपयोग होत नाही. पातळीचा आकडा त्यालाच वाचायला द्यावा.

घरच्या स्पायरोमीटरवर (फुंकलेली हवा मोजणाऱ्या यंत्रावर) रोज एकाच वेळी फुंकायचं, 10 टक्के घट दोन दिवस टिकली तर केंद्राला फोन. पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना नीट फुंकता येत नाही. त्यांचे झोपेतले श्वास पूर्ण एक मिनिट मोजून वहीत लिहायचे. रोजच्यापेक्षा आकडा चढू लागला तर ताप नसला तरी फोन करायला थांबायचं नाही.