बंद कपांचा हेडफोन घेताना : आधी गाणं, मग किंमत

हेडफोनच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत जे छापलेलं असतं, त्याचा ऐकण्याशी संबंध थोडाच. ‘५० मिमी ड्रायव्हर’ (ड्रायव्हर म्हणजे कपातला आवाज काढणारा छोटा स्पीकर) असेल तर चांगलंच, पण नीट बनवलेला ४० मिमीचा ड्रायव्हर सुमार ५० मिमीपेक्षा केव्हाही सरस. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हा आकडा किती डेसिबलची वरखाली धरून मोजला ते सांगितलेलं नसेल, तर तो तीनशे रुपयांच्या मालावरही छापता येतो. ‘एक्स्ट्रा बास’ मात्र खरा असतो, आणि बहुतेक वेळा तोच नडतो.

बंद कप म्हणजे ड्रायव्हरच्या मागची बाजू झाकलेली. आतला आवाज बाहेर जात नाही, बाहेरचा थोडा अडतो. रात्री घरातली माणसं झोपलेली असताना ऐकायला, रियाजाला, माइकसमोर गाताना हाच प्रकार हवा. तोटे दोन. कप बंद असल्याने कान तापतात, आणि कपात कोंडलेला आवाज साधारण १०० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात फुगतो. स्वस्तातले हेडफोन एकमेकांपासून वेगळे पडतात ते मुख्यतः ही फुगवट त्यांनी कितपत आवरली यावर.

तुम्ही ऐकता काय?

ख्याल, नाट्यगीत, भजन ऐकणाऱ्यांनी ही फुगवट सगळ्यात आधी तपासावी. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर येतो, तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ च्या आसपास. डग्ग्याची घुमक, हार्मोनिअमचे खालचे सूर आणि गळा एकाच गल्लीत दाटीने उभे असतात. तिथे बास वाढवलेला असला की डगा तानपुऱ्याला खातो आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटतो. परीक्षा सोपी आहे : विलंबित ख्याल लावा आणि गायक श्वास घ्यायला थांबतो तिथे कान द्या. तानपुऱ्याच्या तारा एकेक सुट्या ऐकू आल्या पाहिजेत. नुसता एक गुंजारव येत असेल तर तो हेडफोन तुमच्यासाठी नाही.

केसरबाई केरकर, मास्टर दीनानाथ यांची ७८ गतीच्या तबकड्यांवरची गाणी ऐकणाऱ्यांना उलटी काळजी घ्यावी लागते. त्या ध्वनिमुद्रणांत वरच्या पट्टीत गाणं फारसं नसतं, असते ती खरखर. ८ ते १० हजार हर्ट्झला धार दिलेला हेडफोन ती खरखर पुढे आणून ठेवतो. लोक त्याला ‘डिटेल’ म्हणतात. जुन्या तबकड्यांसाठी जरा मवाळ ट्रेबलच (वरचा आवाज) बरा.

चवथीच्या आरत्या हा आमच्या मते गोव्यातला सगळ्यात चांगला नमुना. घुमट या मातीच्या वाद्याचा खोल ठोका, शामेळ या ढोलाची कडक थाप आणि कासाळ्यांचा, म्हणजे मोठ्या झांजांचा झणत्कार, तिन्ही एकाच वेळी. चांगल्या हेडफोनवर कासाळे वाजून हळूहळू विरतात, वाईटावर तळणीच्या तेलासारखे चुरचुरतात. दोन-तीन मिनिटांत निकाल लागतो.

ट्रान्स आणि हाऊस ऐकणाऱ्यांना बास हवा, हे खरं. पण नुसता जास्त नव्हे, थांबणारा. किकचा, म्हणजे मोठ्या ढोलाच्या ठोक्याचा पाया ५० ते ६० हर्ट्झच्या आसपास असतो. १४५ बीपीएमच्या (मिनिटाला १४५ ठोके) सायट्रान्समध्ये दोन किकच्या मधे बासचे तीन सूर येतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाचा जेमतेम दहावा भाग. ते तीन सूर मोजता आले पाहिजेत. किकच्या मागे सलग घूं ऐकू येत असेल तर कप हलका आहे किंवा फुगवट जास्त आहे.

तियात्राचे (कोंकणी नाटकाचे) संवाद, कीर्तन, पॉडकास्ट यांना फार खर्च करायची गरज नाही. बोलणं स्पष्ट हवं आणि वजन कमी हवं, बस.

कोणता घ्यावा?

भाव हलत असतात, म्हणून नेमका आकडा दुकानातल्या फलकावर पाहा. हजार-बाराशेच्या घरात सोनीचा झेडएक्स११० मिळतो. तो कान झाकत नाही, कानावर बसतो. बोलणं आणि भावगीतासाठी ठीक, खर्जाची अपेक्षा ठेवू नका. पाच हजारांच्या आसपास आम्ही दुकानात बहुतेकांना ऑडिओ-टेक्निकाचा एम२०एक्स सुचवतो. वजन १९० ग्रॅम, रोध (विजेला होणारा अडथळा) ४७ ओहम, गळा जागच्या जागी. त्याची वायर ३ मीटर लांब आणि कायमची जोडलेली आहे. टेबलावर सोयीची, बसमध्ये लोढणं.

त्याच्या वर त्याच घरातला एम४०एक्स. ख्याल आणि ट्रान्स दोन्ही ऐकणाऱ्या घराला हा एकच पुरतो. वायर सुटी होते, पण कपाकडची पिन २.५ मिमीची आणि फिरवून अडकणारी असते, साधी ऑक्स वायर तिथे बसत नाही. सोनीचा एमडीआर-७५०६ गळ्याचे बारकावे उत्तम दाखवतो, मात्र वर सांगितलेली धार त्याच्यात आहे. तबकड्यांच्या शौकिनांनी आधी ऐकूनच घ्यावा. सेनहायझरचा एचडी २८० प्रो बाहेरचा आवाज चांगला अडवतो, रेकॉर्डिंगला छान, पण डोकं घट्ट धरतो. चष्मा असेल तर वीस मिनिटं लावून बसा आणि मग ठरवा.

पणजी-मडगाव बसमध्ये रोज ऐकायचं असेल तर यांतलं काहीच घेऊ नका. बंद कप माणसांचा आवाज, हॉर्न, भांड्यांचा खडखडाट अडवतो, इंजिनाची खालची घरघर अडवत नाही. तिला बॅटरीवर चालणारं नॉइज कॅन्सलिंगच लागतं. उलट, कीबोर्डवर सराव करणाऱ्यांनी ब्लूटूथच्या नादी लागू नये. पट्टी दाबल्यावर सूर सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागाने उशिरा येतो आणि लय बिघडते.

फोनला जोडताना

फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सी अडॅप्टर लागेल. आत डॅक चिप (फोनमधल्या आकड्यांचा आवाज करणारी) असलेलाच घ्या. बिनचिपेचा अडॅप्टर अनेक फोनवर गप्प बसतो. फोनवर ३२ ते ६० ओहमचे हेडफोन आरामात वाजतात. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन तऱ्हांत येतो. स्वस्त दिसला म्हणून २५० चा उचललात तर फोनवर आवाज अपुरा पडेल आणि अँप्लिफायरचा खर्च वेगळा.

‘वाद्यं येतात, पण गायक गायब’ ही तक्रार आमच्याकडे नेहमी येते. ड्रायव्हर गेलेला नसतो. पिन अर्धवट बसलेली असते, नाहीतर डाव्या-उजव्या बाजूची सामाईक परतीची (अर्थची) तार तुटलेली असते. अशा वेळी कानात फक्त दोन बाजूंमधला फरक पोचतो. गायक दोन्हीकडे सारखाच असल्याने तो वजा होतो. जुनी मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेली) गाणी तर जवळजवळ ऐकूच येत नाहीत. आधी पिन पूर्ण दाबा, फोनचं जाड कव्हर काढून पाहा. तरीही तसंच असेल तर पिनेजवळची वायर हळूच वाकवा. गायक येऊन-जाऊन असेल तर नवी पिन टाकली की काम होतं.

बास का गेला?

गादी कानाभोवती बंद बसली नाही तर बास निसटतो. चष्म्याची दांडी, कानामागचे केस, अंबाडा, झिजलेली गादी, कारण काहीही असो. गाणं चालू ठेवून दोन्ही कप हलकेच आत दाबा. बास एकदम वाढला तर दोष बसण्यात आहे, ड्रायव्हरमध्ये नाही. पट्टा एक-दोन खाचा खाली घ्या, दांडी गादीच्या मऊ भागावर येऊ द्या.

गोव्यात गादी लवकर जाते. कृत्रिम चामड्यातलं पॉलियुरेथेन दमटपणाने विघटित होतं, त्यात घाम आणि केसांचं तेल. मग काळे पापुद्रे मानेवर चिकटू लागतात. जून ते सप्टेंबर हेडफोन झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या चार-पाच पुड्यांसोबत ठेवा आणि पुड्या महिन्याला बदला. ऐकून झाल्यावर गादी कोरड्या सुती कपड्याने पुसा, दहा मिनिटं वाऱ्यावर ठेवा, मगच डब्यात घाला. किनाऱ्याजवळ घर असेल तर पिनेवर खारी हवा बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवला की खरखर जाते. गादीला मात्र अल्कोहोल लावू नका.

नवी गादी घरी बसवता येते. जुनी कडेने ओढून काढा, ड्रायव्हरवरची पातळ जाळी हलवू नका. नव्या गादीची ओठासारखी कड खालून खाचेत सरकवा आणि सावकाश गोल फिरवत वर न्या. एम२०एक्स, एम४०एक्स, एम५०एक्स यांची गादी एकाच मापाची. फार जाड गादी घेतली तर कान ड्रायव्हरपासून लांब जातो आणि आवाज बदलतो.

आवाजाची पातळी : जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्यांनी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास, मुलांनी ७५ डेसिबलवर ४० तास. त्याच्या वर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा.

दुकानात येताना तुमचाच फोन आणा, चष्मा लावून या, आणि तुम्हांला पाठ असलेली तीन गाणी फोनमध्ये उतरवून ठेवा. दुकानात नेट कधी असतं, कधी नसतं.