देव कुणाच्या बाजूने? अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणातल्या धर्मभाषेची पार्श्वभूमी

21 जून 2025 च्या रात्री अमेरिकेनं इराणच्या फोर्दो, नतांझ आणि इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले आणि त्यानंतर ट्रम्प टीव्हीवर येऊन काही मिनिटं बोलले. भाषणाच्या शेवटी त्यांनी सगळ्यांचे आणि विशेष करून देवाचे आभार मानले, देवा आमचं तुझ्यावर प्रेम आहे आणि आमच्या सैन्यावरही प्रेम आहे असं एका दमात म्हणाले. ऐकून वाटतं की हा या एका माणसाचा स्वभाव आहे, पण तसं नाहीये. ही भाषा अमेरिका नावाचा देश जन्माला येण्याच्या आधीपासूनची आहे, आणि तिचा प्रवास नीट बघितला तर त्यात एक वळण दिसतं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. सुरुवातीला देवाचं नाव घेतलं जायचं ते स्वतःला धाक म्हणून, नंतर ते दुसऱ्याला धाक दाखवायला घेतलं जाऊ लागलं.

1630 साली जॉन विन्थ्रॉप नावाचा प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट पंथाचा, पुढारी इंग्लंडमधून मॅसॅच्युसेट्सला निघाला. त्या प्रवासाच्या वेळच्या त्याच्या प्रवचनात येशूच्या डोंगरावरच्या उपदेशातलं, डोंगरावर वसलेलं नगर लपत नाही, हे वाक्य आहे. आज हे वाक्य अमेरिका किती महान आहे हे सांगायला वापरतात, पण विन्थ्रॉपच्या तोंडी ती सरळ सरळ ताकीद होती, सगळ्या जगाचे डोळे आपल्यावर आहेत, आपण देवाशी बेइमानी केली तर जगभर आपली छीथू होईल. म्हणजे वचन पाळायची जबाबदारी आपली, आणि मोडलं तर शिक्षाही आपल्यालाच.

राज्यघटना करणारे लोक मात्र याबाबतीत सावध होते. 1791 च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं सरकारी धर्म ठेवायला मनाई केली. आणि 1797 मध्ये त्रिपोलीशी, म्हणजे आजच्या लिबियाशी, जो करार मंजूर झाला त्याच्या अकराव्या कलमात अमेरिकेचं सरकार कुठल्याही अर्थानं ख्रिस्ती धर्मावर उभं नाही असं स्वच्छ लिहिलंय. सिनेटनं तो एकमतानं मंजूर केला, अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्सनी सही केली. एका मुसलमान राज्याशी व्यवहार करताना धर्म मध्ये आणायचा नाही हे त्या पिढीला कळत होतं, कारण त्यांना भूमध्य समुद्रात आपली व्यापारी जहाजं सुखरूप हवी होती.

सरकार बाजूला राहिलं तरी चर्च गप्प बसलं नाही. विन्थ्रॉप गेला त्याच न्यू इंग्लंड भागातल्या मंडळींनी 1810 ला परदेशी मिशनचं बोर्ड काढलं आणि त्यांची माणसं 1813 ला कुठं उतरली तर आपल्या मुंबईत. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट. कंपनी सरकारला ते नको होते, त्यात तेव्हा इंग्लंड-अमेरिका युद्ध चालू, त्यांना परत पाठवायचे हुकूमही निघाले होते, पण शेवटी राहायची परवानगी मिळाली. पुढं हेच अमेरिकन मराठी मिशन अहमदनगरला गेलं, तिथं शाळा काढल्या, 1842 ला ज्ञानोदय हे नियतकालिक सुरू केलं. तेव्हा यांच्यामागं तोफा नव्हत्या, हा फरक लक्षात ठेवायला हवा.

तोफा आल्या फिलिपिन्समध्ये. त्याआधी 1845 ला पत्रकार जॉन ओ'सलिव्हन यांनी लिहून ठेवलं होतं की हा अख्खा खंड व्यापायचा हे आमच्या नशिबी देवानंच लिहिलंय, म्हणजे धाक गेला आणि हक्क आला. 1898 ला स्पेनला हरवल्यावर अमेरिकेनं 2 कोटी डॉलर देऊन फिलिपिन्स घेतलं. अध्यक्ष मॅकिन्ली मेथॉडिस्ट धर्मगुरूंच्या एका शिष्टमंडळाला म्हणाले म्हणे की मी व्हाइट हाऊसमध्ये रात्र रात्र येरझाऱ्या घातल्या, गुडघे टेकून प्रार्थना केली आणि मग उत्तर मिळालं, हे लोक आपण घ्यायचे, शिकवायचे, सुधारायचे, ख्रिस्ती करायचे. हा किस्सा छापून आला 1903 ला, मॅकिन्लींच्या खुनानंतर, त्यामुळे शब्द न शब्द त्यांचाच का याबद्दल इतिहासकारांना शंका आहे. पण तो लोकांना पटला, छापला गेला, हे तर खरंच. आणि ज्यांना ख्रिस्ती करायचं होतं ते फिलिपिनो बहुतेक सगळे तीनशे वर्षांपासून कॅथलिक होतेच! याच फिलिपिनो लोकांशी झालेल्या 1899 ते 1902 च्या युद्धात आणि त्याबरोबर आलेल्या दुष्काळ-कॉलऱ्यात जवळपास 2 लाख सामान्य माणसं गेली असा अंदाज सांगतात. ज्या प्रार्थनेचं उत्तर इतक्या लोकांच्या मरणातून आलं, ती प्रार्थना कुणी अभिमानानं सांगावी हे मला आजही सहन होत नाही.

लिंकन इथे आठवतात. 4 मार्च 1865 च्या भाषणात, यादवी युद्ध जवळजवळ जिंकलेलं असताना, ते म्हणाले की दोन्ही बाजू तेच बायबल वाचतात, त्याच देवाची प्रार्थना करतात आणि दोघांच्या प्रार्थना काही पूर्ण होऊ शकत नाहीत, देवाचे हेतू त्याचे त्याला माहीत. आणि हे युद्ध म्हणजे गुलामगिरीच्या पापाची दोघांनाही मिळालेली शिक्षा असू शकते असंही म्हणाले. जिंकत आलेला नेता असं बोलतो, अशी दुसरी उदाहरणं मला फारशी सापडत नाहीत.

विसाव्या शतकात विल्सन आले, प्रेस्बिटेरियन पाद्र्याचे चिरंजीव, पहिल्या महायुद्धाला त्यांनी जवळपास धर्मकार्याचं रूप दिलं. पण आज आपण जी भाषा ऐकतो ती खरी घडली 1950 च्या दशकात. शत्रू होता सोव्हिएत युनियन, आणि तो अधिकृतपणे नास्तिक, त्यामुळे देव आपोआप आपल्या बाजूला. आयझेनहॉवर 1953 ला अध्यक्ष झाले, शपथविधीला स्वतः लिहिलेली प्रार्थना म्हटली आणि दहा-बारा दिवसांत बाप्तिस्माही घेतला. 1954 ला शाळेतल्या मुलांच्या प्रतिज्ञेत देवाचा उल्लेख घातला, 1956 ला 'इन गॉड वी ट्रस्ट' हे राष्ट्राचं ब्रीदवाक्य झालं आणि पुढच्या वर्षीपासून ते डॉलरच्या नोटांवर दिसू लागलं. बऱ्याच अमेरिकन लोकांना वाटतं हे सगळं वॉशिंग्टन-जेफरसन यांच्या काळातलं आहे, पण ते शीतयुद्धातलं आहे.

परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस, हेही पाद्र्याचेच चिरंजीव, आणि यांच्याशी आपला थेट संबंध येतो. जग दोन गटांत वाटलेलं, एक देव मानणारा आणि एक न मानणारा, यात मध्येच उभं राहणं म्हणजे त्यांच्या लेखी पळवाट. जून 1956 ला आयोवातल्या भाषणात त्यांनी तटस्थता काही अगदी अपवाद सोडले तर अनैतिक आहे असं सांगितलं. नेहरूंचं नाव घेतलं नव्हतं, पण दिल्लीत ते कुणाला लागलं असेल हे सांगायला नको.

त्याच्या आधीच गोव्याचं प्रकरण झालेलं. मे 1955 मध्ये ना. ग. गोरे यांची सत्याग्रहींची तुकडी गोव्यात शिरली, पकडली गेली, मार खाल्ला. पुण्यातून, कोकणातून, देशभरातून माणसं जात राहिली आणि 15 ऑगस्टला हद्द ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला, वीसपेक्षा जास्त लोक गेले. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार जगाला सांगत होता की गोवा ही पूर्वेकडची ख्रिस्ती संस्कृतीची ठेव आहे, सेंट फ्रान्सिस झेवियरची भूमी आहे. यावर त्याच जुलैमध्ये नेहरू रोमला जाऊन पोप पायस बारावे यांना भेटले आणि बाहेर येऊन सांगितलं की गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धार्मिक नाही, हे पोपनाही मान्य आहे. गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्यात त्रिस्ताँव ब्रागांझा कुन्हा यांच्यासारखे कॅथलिक घरातलेच लोक पुढे होते, त्यामुळे सालाझारचा दावा घरातच खोटा पडत होता. इतकं होऊनही 2 डिसेंबर 1955 ला डलेस यांनी पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पाउलो कुन्हा यांच्याबरोबर निवेदन काढलं आणि त्यात गोव्यासारख्या वसाहतींना पोर्तुगालचे प्रांत म्हटलं! कारणं उघड होती, पोर्तुगाल नाटोत होता, अझोर्स बेटांवरचा तळ अमेरिकेला हवा होता, आणि नेमके तेव्हा ख्रुश्चेव्ह-बुल्गानिन भारतात फिरत गोवा भारताचाच म्हणत होते. म्हणजे व्यवहार होता साधा लष्करी तळाचा, पण तो गुंडाळला गेला स्वतंत्र जग विरुद्ध नास्तिक साम्यवाद या कापडात. गोळ्या खाल्लेल्या माणसांचा त्या हिशोबात कुठं उल्लेखच नव्हता. गोवा मोकळा व्हायला 19 डिसेंबर 1961 उजाडावा लागला.

देवाला साम्यवादाविरुद्ध कामाला लावताना अमेरिकेनं फक्त ख्रिस्ती देव घेतला असं नाही. आयझेनहॉवर यांना सौदीचे राजे सौद इस्लामी जगाचे पुढारी म्हणून उभे करायचे होते, 1957 ला वॉशिंग्टनच्या इस्लामिक सेंटरच्या समारंभाला ते स्वतः गेले. पुढं सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यावर फेब्रुवारी 1980 मध्ये कार्टर यांचे सुरक्षा सल्लागार ब्रझेझिन्स्की खैबर खिंडीजवळ अफगाण लढवय्यांसमोर उभे राहून म्हणाले, तुमची लढाई न्याय्य आहे आणि देव तुमच्या बाजूला आहे. कॅमेऱ्यावर आहे हे. वीस वर्षांनी त्याच भागातून त्याच देवाचं नाव घेत कोण अमेरिकेवर उलटलं हे सगळ्यांना माहीत आहे.

कार्टरबद्दल मात्र दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. हा माणूस मनापासून धार्मिक, आयुष्यभर चर्चमध्ये संडे स्कूल शिकवणारा. सप्टेंबर 1978 मध्ये कॅम्प डेव्हिडला इजिप्तचे सादात आणि इस्रायलचे बेगिन आले, तेव्हा पहिलं संयुक्त निवेदन निघालं ते जगातल्या सगळ्या धर्मांच्या लोकांनी शांततेसाठी प्रार्थना करावी असं. तेरा दिवस मुक्काम, शेवटच्या दिवशी बेगिन सामान बांधून निघायच्या बेतात. कार्टरनी त्यांच्या नातवंडांसाठी फोटो घेतले, प्रत्येकावर एकेका नातवंडाचं नाव लिहून सही केली आणि स्वतः नेऊन दिले, बेगिन एकेक नाव मोठ्यानं वाचत गेले आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यानंतर करार झाला. तिथं धर्मानं दोघांना एका टेबलावर बसवलं, कारण कुणाला सैतान ठरवलेलं नव्हतं.

रेगन यांनी 8 मार्च 1983 ला ऑरलँडोत इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलचा शब्द प्रमाण मानणाऱ्या प्रोटेस्टंट, पाद्र्यांसमोर सोव्हिएत युनियनला दुष्ट साम्राज्य म्हटलं. तेव्हा अण्वस्त्रं गोठवा अशी चळवळ जोरात होती, चर्चवाले तिकडं झुकत होते, त्यांना परत ओढणं हा त्या भाषणाचा खरा हेतू. पण रेगन यांना शब्द मागं घेता आला, 1988 ला मॉस्कोत क्रेमलिनच्या आवारात विचारलं तेव्हा ते म्हणाले तो काळ वेगळा होता.

जॉर्ज बुश यांना तसं जमलं नाही. 16 सप्टेंबर 2001 ला ते पत्रकारांशी बोलताना दहशतवादाविरुद्धच्या लढ्याला क्रुसेड, म्हणजे मध्ययुगात ख्रिश्चनांनी मुसलमानांविरुद्ध केलेलं धर्मयुद्ध, म्हणून गेले, युरोप आणि अरब देशांत गदारोळ झाला, दुसऱ्याच दिवशी ते त्याच इस्लामिक सेंटरमध्ये गेले आणि इस्लाम म्हणजे शांती असं बोलले, ते चांगलंच केलं. अफगाणिस्तानातल्या लष्करी मोहिमेचं 'इन्फिनिट जस्टिस' हे नावही बदललं, कारण अनंत न्याय फक्त अल्लाहच करू शकतो असं मुसलमान मानतात. पण खरं नुकसान झालं ते पुढं. डिसेंबर 2001 ला जर्मनीत बॉनमध्ये नवं अफगाण सरकार ठरत होतं, मंत्रिपदं कुणाला किती यावर रात्री उशिरापर्यंत अडलं होतं, तेव्हा इराणचे प्रतिनिधी जवाद झरीफ तालिबानशी लढलेल्या उत्तर आघाडीच्या कानूनींना बाजूला घेऊन बोलले आणि त्यांनी हट्ट सोडला. हे अमेरिकेचे प्रतिनिधी जेम्स डॉबिन्स यांनीच नंतर सांगितलंय. म्हणजे इराण चक्क मदत करत होता. आणि आठ आठवड्यांत, 29 जानेवारी 2002 ला, बुश यांनी इराक, उत्तर कोरिया आणि इराण हा दुष्टांचा अक्ष आहे असं जाहीर केलं. भाषण लिहिणाऱ्या डेव्हिड फ्रम यांच्या मसुद्यात द्वेषाचा अक्ष होता, मायकेल गर्सन यांनी तिथं धर्मग्रंथातला वाटावा असा शब्द घातला. तेहरानमध्ये अमेरिकेशी बोला म्हणणारे लोक त्या एका भाषणानं तोंडावर पडले. अर्थात तिकडंही खोमेनींनी 1979 पासून अमेरिकेला मोठा सैतान म्हणून ठेवलंच होतं, आणि एकदा समोरचा सैतान ठरला की त्याच्याशी देवाणघेवाण केली तर आपलेच लोक पाप म्हणतात. दोन्ही देश अजून त्याच जागी अडकलेत.

जेरुसलेमचं प्रकरण या सगळ्याच्या शेवटी येतं. 6 डिसेंबर 2017 ला ट्रम्प यांनी जेरुसलेमला इस्रायलची राजधानी म्हणून मान्यता दिली. 14 मे 2018 ला तिथं दूतावास उघडला तेव्हा प्रार्थनेला डॅलसचे पाद्री रॉबर्ट जेफ्रेस आणि टेक्सासचेच जॉन हेगी होते, आणि त्याच दिवशी गाझाच्या कुंपणापाशी इस्रायली गोळीबारात साठच्या आसपास पॅलेस्टिनी मारले गेले. ऑगस्ट 2020 मध्ये विस्कॉन्सिनच्या प्रचारसभेत ट्रम्प यांनीच सांगून टाकलं की जेरुसलेमचं आम्ही इव्हँजेलिकल लोकांसाठी केलं. पण ज्या दिवशी मान्यता जाहीर झाली त्याच दिवशी जेरुसलेममधल्या तेरा चर्चप्रमुखांनी, ग्रीक ऑर्थोडॉक्स, आर्मेनियन, कॅथलिक, लुथरन, सगळ्यांनी मिळून ट्रम्प यांना पत्र लिहिलं होतं की शहराचा दर्जा बदलू नका, त्यानं द्वेष आणि रक्तपात वाढेल. त्या शहरात शतकानुशतकं राहणाऱ्या ख्रिश्चनांचं म्हणणं ते होतं, आणि निर्णयावर त्याचा काहीही परिणाम झाला नाही.